‘मी’ म्हणजे नेमकं कोण? प्रॉक्सी, खास पत्ते आणि डीएनएस

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. यातले आकडे देवनागरीत छापले आहेत. मशीनवर टाकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरावेत.)



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या नोकऱ्या’ हा विषय सुचवला होता. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, यूट्यूबवर रोज नवीन येतात. मी त्याऐवजी एक लहानसा आणि वरवर कंटाळवाणा विषय घेणार आहे. प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये काही खास आयपी पत्ते आणि डीएनएस सर्व्हर कसे लिहायचे, हा तो विषय. कारण सांगतो. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आत्ता एखादं फुकटचं व्हीपीएन किंवा प्रॉक्सी अ‍ॅप असेल. आणि जे कॉम्प्युटर शिकतायत, त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षातच कुठल्या ना कुठल्या सर्व्हरपुढे एनजिनएक्स बसवावं लागेल. या दोन्ही गटांचं नुकसान जवळजवळ एकाच जागी होतं.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार, एवढं डोक्यात ठेवा. गावी जमीन आहे, तलाठ्याकडे खेटे घालायचे आहेत आणि आपण मुंबईत किंवा आखातात. मग आपण चाचांच्या नावे मुखत्यारपत्र करतो आणि ते आपल्या वतीने जातात. आता समजा तुम्ही चाचांना चिठ्ठी पाठवली, ‘घरच्या कपाटातली फाईल काढा.’ लिहिताना तुमच्या मनात तुमचं घर होतं. वाचणाऱ्याने स्वतःच्या घरचं कपाट उघडलं. चिठ्ठीत चूक काही नाही, पण ‘घर’ या शब्दाचा अर्थ कोण बोलतंय यावर ठरतो.

इंटरनेटवरही असे शब्द आहेत. आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्यातल्या बहुतेकांचा अर्थ जगभर एकच असतो. ८.८.८.८ म्हणजे गूगलचा डीएनएस, तुम्ही मालेगावातून विचारा नाहीतर मस्कतमधून. पण काही गट असे राखून ठेवलेले आहेत की ज्यांचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. १२७ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. केवळ ‘मी’ म्हणण्यासाठी १ कोटी ६७ लाख पत्ते अडवून ठेवले आहेत, ही त्या काळच्या उदारपणाची गंमतच. १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे आणि १९२.१६८चे पत्ते म्हणजे ‘आमच्या घरातले’. १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते घरगुती वापरासाठी ठरवले गेले. १६९.२५४ म्हणजे ‘याच तारेवरचा शेजारी’. आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२मध्ये टेलिकॉम कंपन्यांसाठी राखला गेला, कारण एकेका ग्राहकाला वेगळा सार्वजनिक पत्ता द्यायला पत्ते पुरेनात. घरच्या राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर समजा की तुम्ही कंपनीच्या सामाईक दाराआड आहात. मग लॅपटॉपवर ठेवलेला प्रोजेक्ट बाहेरच्या मित्राला उघडत नाही, यात तुमच्या कोडचा काही दोष नाही.

आता मुखत्यार मध्ये घाला. तुम्ही प्रॉक्सीला म्हणता, ‘१२७.०.०.१वर जा.’ प्रॉक्सी जाते, पण स्वतःकडे! डॉकर शिकणारा प्रत्येक मुलगा हा धडा एकदा गिरवतो. डेटाबेस लॅपटॉपवर चालू असतो, अ‍ॅप कंटेनरमध्ये असतं, अ‍ॅपमध्ये लोकलहोस्ट लिहिलेलं असतं आणि कनेक्शन नाकारलं जातं. कंटेनरमधला ‘मी’ म्हणजे तो कंटेनर. मुलाखतीत हे विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. इथवर फक्त गैरसोय झाली.

गैरसोयीचं रूपांतर कशात होऊ शकतं, याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेने जुलै २०१९मध्ये जाहीर केलं की अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली आहे. त्यात सुमारे १ लाख ४० हजार सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. बँकेची यंत्रणा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होती. त्या क्लाउडमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःबद्दल विचारायला एक पत्ता दिलेला असतो, १६९.२५४.१६९.२५४. त्यावर विचारलं की मशीनला आपलं नाव, आपली जागा आणि मुख्य म्हणजे आपल्या नावे मिळालेल्या तात्पुरत्या किल्ल्या कळतात. हा पत्ता बाहेरून कुणालाच गाठता येत नाही, कारण तो ‘याच तारेवरचा शेजारी’ या गटातला आहे. म्हणून तिथे कुलूप नव्हतं. आपल्याच खोलीतल्या कपाटाला कुलूप कोण लावतं?

पण बँकेच्या वेबसाइटपुढे एक फायरवॉल होती, येणारी प्रत्येक विनंती आत पोचवणारी, म्हणजे कामाने प्रॉक्सीच. तिचं कॉन्फिगरेशन चुकलेलं होतं, असं न्यायालयातल्या कागदपत्रांत आहे. सुरक्षेच्या अभ्यासकांनी पुढचं चित्र असं मांडलं की बाहेरून आलेल्या व्यक्तीने त्या मध्यस्थाला सांगितलं, ‘१६९.२५४.१६९.२५४वर जाऊन काय मिळतं ते आण.’ मध्यस्थ गेला. त्याच्या दृष्टीने तो शेजारीच होता. त्याने किल्ल्या आणल्या आणि दारातल्या अनोळखी माणसाच्या हातात ठेवल्या. पुढच्या वर्षी अमेरिकी बँक नियामकाने कॅपिटल वनला ८ कोटी डॉलर दंड केला.

अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१९मध्ये याच पत्त्याची नवी पद्धत आणली, तिची रचना बघण्यासारखी आहे. आधी वेगळ्या प्रकारची विनंती करून एक टोकन घ्यावं लागतं. आणि त्या विनंतीत ‘ही दुसऱ्याच्या वतीने पुढे पाठवली आहे’ असं सांगणारी प्रॉक्सीची नेहमीची खूण दिसली, तर टोकन मिळतच नाही. म्हणजे तो पत्ता आता विचारतो, तू स्वतःसाठी आलास की कुणाचा मुखत्यार म्हणून? मुखत्यार असशील तर परत जा. त्या टोकनचं उत्तर मुळात नेटवर्कच्या एकाच टप्प्यापुरतं जिवंत राहील, अशीही सोय आहे.

तुम्हाला यातून काय उचलायचं? वापरकर्त्याने दिलेली लिंक उघडून बघणारी कुठलीही सोय तुम्ही लिहिलीत, उदाहरणार्थ लिंकचं छोटं चित्र दाखवणं, पीडीएफ बनवणं, बाहेरून फोटो आणणं, तर तुम्ही प्रॉक्सी लिहिली आहे. नाव काहीही द्या. आणि तिला ‘मी’, ‘घर’, ‘शेजारी’ या अर्थाच्या पत्त्यांवर जायला बंदी हवी. ही यादी आठवणीने लिहू नका, राखीव पत्त्यांची अधिकृत नोंदवही आयाना ही संस्था ठेवते, ती उघडून घ्या. आठवणीने लिहिणारे १२७, १० आणि १९२.१६८ लिहितात आणि थांबतात. टेलिकॉमचा १००.६४चा पट्टा हमखास राहतो. अलिबाबाच्या क्लाउडमध्ये मशीनने स्वतःबद्दल विचारायचा पत्ता १००.१००.१००.२०० आहे, म्हणजे बरोबर त्याच विसरलेल्या पट्ट्यात. शिवाय सहाव्या आवृत्तीत ‘मी’ला ::१ म्हणतात, ते वेगळंच. आणि अक्षरं जुळवून बंदी घालू नका. २१३०७०६४३३ हा एकच मोठा आकडा लिहिला तरी अनेक प्रोग्रॅम त्याला १२७.०.०.१ समजतात. आकडा आधी पत्त्यात बदला, मग तपासा.

आता नावांकडे येऊ, कारण माणसं आकडे कुठे लिहितात!

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएसची रचना मांडली. नाव द्या, पत्ता घ्या. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नावाचा मालक त्या नावापुढे कुठलाही पत्ता लिहू शकतो. पाचशे-सातशे रुपयांत डोमेन घेऊन त्यापुढे १२७.०.०.१ लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. म्हणजे बंदी नावावर घालून उपयोग नाही, नाव सोडवल्यावर हातात पडलेल्या पत्त्यावर ती घालावी लागते. आणि त्यातही एक खाच आहे. तुमचा प्रोग्रॅम तपासणीसाठी एकदा विचारतो, उत्तर साधं सार्वजनिक पत्त्याचं मिळतं, तपासणी पास होते. मग प्रत्यक्ष जाताना लायब्ररी पुन्हा एकदा विचारते आणि या वेळी उत्तर येतं १६९.२५४.१६९.२५४. मालकाने उत्तराची मुदत शून्य सेकंद ठेवली होती, म्हणून दोन्ही वेळा विचारणं झालं. उपाय असा की एकदाच विचारायचं, आलेला पत्ता तपासायचा आणि त्याच पत्त्यावर जायचं. समोरच्याने ‘इकडे नाही, तिकडे जा’ म्हटलं तर तिकडच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून. अनबाउंड आणि डीएनएसमास्क या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या नावाला घरगुती पत्ता आला तर ते उत्तरच टाकून देण्याची सोय आहे. ती चालू करा, पण तेवढ्यावर विसंबून झोपू नका.

हे झालं सर्व्हर लिहिणाऱ्यांचं. आता फोनवर अ‍ॅप टाकणाऱ्यांकडे वळतो, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

एखादी मुलगी होस्टेलच्या वायफायवरून घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन शोधते. किंवा कुणी दुसरी नोकरी शोधतंय, कुणी वकील, कुणी मानसोपचारतज्ज्ञ. पान एचटीटीपीएसने येतं, त्यामुळे पानावरचा मजकूर मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण पान येण्याआधी फोनने विचारलेलं असतं, ‘अमुक नावाचा पत्ता काय?’ हा प्रश्न १९८३पासून उघड्या पोस्टकार्डासारखाच जातो, पोर्ट ५३वरून. वायफाय ज्याच्या हातात आहे त्याला तो दिसतो. कुठल्या वकिलाची साइट पाहिली हे कळायला पान वाचावं लागत नाही, नाव पुरतं.

मग ती मुलगी प्रॉक्सी लावते आणि निश्चिंत होते. इथेच ती एक गोष्ट बघावी लागते, नाव कोण सोडवतंय? प्रॉक्सीच्या सॉक्स या पद्धतीचा इतिहास यासाठी उपयोगी आहे. जुन्या सॉक्स ४मध्ये फक्त आकडी पत्ता देता येत असे. म्हणजे नाव आधी तुमच्या मशीनने सोडवायचं, होस्टेलच्या डीएनएसला विचारून, आणि मग मुखत्यारला आकडा द्यायचा. मुखत्यार कितीही गुपचूप जाओ, आपण जाण्याआधी गल्लीत पत्ता विचारत फिरलो! नंतर सॉक्स ४ए आलं. त्यात युक्ती अशी की पत्त्याच्या जागी ०.०.०.१सारखा अशक्य पत्ता लिहायचा आणि शेवटी नाव जोडायचं. अशक्य पत्ता दिसला की प्रॉक्सीने ओळखायचं, नाव तिने सोडवायचं आहे. १९९६च्या सॉक्स ५मध्ये नाव पाठवायची सरळ सोय झाली. पण सोय असणं वेगळं आणि ती वापरली जाणं वेगळं. कर्ल या साध्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही सॉक्स५ लिहिलंत तर नाव तुमच्याकडे सोडवलं जातं, सॉक्स५एच लिहिलंत तर प्रॉक्सीकडे. एका ‘एच’चा फरक. फायरफॉक्सच्या प्रॉक्सी सेटिंगमध्येही सॉक्स ५साठी डीएनएस प्रॉक्सीमार्फत पाठवायचा वेगळा चौकोन आहे, तो टिक केलेला आहे का, बघा.

फोनवरची अ‍ॅपं सगळंच ट्रॅफिक स्वतःकडे ओढतात, त्यांची अडचण निराळी असते. त्यांच्यापर्यंत पोचतं ते फक्त आकडी पत्त्याचं पाकीट, नाव तोवर हरवलेलं असतं. म्हणून क्लॅशसारखी सॉफ्टवेअर एक नाटक करतात. फोनने नाव विचारलं की ती स्वतःच डीएनएस बनून खोटा पत्ता देतात आणि वहीत नोंद करतात, हा खोटा पत्ता म्हणजे ते नाव. पाकीट त्या पत्त्यावर आलं की वही बघून नाव शोधतात आणि प्रॉक्सीला नाव सांगतात. खोटे पत्ते आणायचे कुठून? १९८.१८.०.० पासूनचा पट्टा नेटवर्कची उपकरणं तपासण्यासाठी राखीव आहे, खऱ्या इंटरनेटवर तिथे कुणी राहत नाही. म्हणून तो घेतात. पिंग केल्यावर १९८.१८ दिसलं तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका, तो व्हायरस नव्हे. मात्र अ‍ॅप बंद केल्यावर काही साइट थोडा वेळ उघडत नाहीत, कारण फोनला खोटा पत्ता अजून आठवत असतो आणि वही तर मिटली. ऑफिसचा प्रिंटर, वायफायचं लॉगिन पान, घड्याळ जुळवणारे सर्व्हर यांना या नाटकातून वगळावं लागतं. त्यासाठी वेगळी यादी असते आणि ती लोक भरत नाहीत.

दुसरी गाठ कोंबडी-अंड्याची. प्रॉक्सीचा सर्व्हर नावाने लिहिला, आणि सगळं डीएनएस प्रॉक्सीमार्फत जायला सांगितलं. आता प्रॉक्सीचं नाव कोण सोडवणार? डीएनएसला प्रॉक्सी हवी, प्रॉक्सीला डीएनएस. मशीन गोल गोल फिरतं आणि आपल्याला वाटतं नेट गेलं. म्हणून क्लॅशमध्ये एक प्राथमिक डीएनएस वेगळा द्यावा लागतो आणि तो आकड्यातच लिहावा लागतो. १.१.१.१सारखे पत्ते इथे सोयीचे पडतात, क्लाउडफ्लेअरने २०१८मध्ये सुरू केलेल्या या सेवेच्या प्रमाणपत्रात आकडी पत्ताही आहे, त्यामुळे एन्क्रिप्टेड डीएनएससुद्धा नावाशिवाय सुरू होतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र सगळे प्रश्न बाहेरच्या डीएनएसला पाठवू नका. कंपनीच्या आतली नावं बाहेर कुणाला माहीत नसतात. ती उघडणार नाहीत, आणि आत कोणकोणते सर्व्हर आहेत याची यादी तुम्ही परक्याला वाचून दाखवाल.

एन्क्रिप्टेड डीएनएसबद्दल एक वाक्य. त्याने पोस्टकार्ड पाकिटात जातं, हे खरं, पण साइटशी जोडणी सुरू होताना तिचं नाव अजूनही बहुतेक वेळा उघडं जातं, त्यामुळे ‘आता कुणालाच काही दिसत नाही’ असं सांगणारी जाहिरात मनावर घेऊ नका.

एनजिनएक्स लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. मागच्या सर्व्हरचं नाव साध्या पद्धतीने लिहिलं तर एनजिनएक्स ते सुरू होतानाच सोडवून ठेवतो. रात्री मागच्या कंटेनरचा पत्ता बदलला की सकाळी ५०२. नाव पुन्हा पुन्हा विचारायला हवं असेल तर रिझॉल्व्हर स्वतः लिहावा लागतो. डॉकरच्या स्वतः बनवलेल्या नेटवर्कमध्ये तो १२७.०.०.११ असतो. हाही ‘मी’च्याच गटातला पत्ता, म्हणून फक्त कंटेनरच्या आत अर्थ असलेला. आणि हा रिझॉल्व्हर मशीनवरची होस्ट्स फाईल बघत नाही. तिथे लिहिलेलं नाव सापडत नाही म्हणून अर्धा दिवस घालवणारे मी पाहिले आहेत.

शेवटचा पत्ता ०.०.०.०. प्रॉक्सीने कुठे ऐकायचं, या जागी तो लिहिला की अर्थ होतो ‘सगळ्या दारांनी’. स्वतःपुरती प्रॉक्सी हवी असेल तर तिथे १२७.०.०.१ हवं. क्लाउडवर भाड्याचं मशीन घेऊन, पासवर्ड न ठेवता, १०८० किंवा ३१२८ पोर्टवर ०.०.०.० लिहून प्रॉक्सी चालू केली, तर इंटरनेट चाळत फिरणारे प्रोग्रॅम ती शोधून काढतात आणि अनोळखी लोक तुमच्या पत्त्यावरून कामं करू लागतात. मुखत्यारपत्र कोरं सही करून एसटी स्टँडवर टाकण्यासारखं आहे हे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतात व्हीपीएन आणि भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव-पत्ता किमान ५ वर्षं ठेवावा लागतो, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस. त्या पत्त्यावरून कुणी धमकीचा मजकूर टाकला किंवा कुणाच्या खात्यातून पैसे काढले, तर कागदावर नाव निघेल ते तुमचं. ‘मी नाही, कुणीतरी माझी प्रॉक्सी वापरली’ हे सिद्ध करायला महिने जातात, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाला ते महिने किती महाग पडतात, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

फुकट अ‍ॅपचंही हेच, फक्त उलट्या बाजूने. तुम्ही होस्टेलच्या वायफायवरचा विश्वास काढून त्या अ‍ॅपच्या मालकावर ठेवता. तुमचं प्रत्येक नाव आता तो सोडवतो. तो कोण आहे, त्याचा डीएनएस कुठला आहे, हे सेटिंगमध्ये दाखवतच नसेल तर ते अ‍ॅप मी तरी ठेवणार नाही.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी मागच्या टेबलाशी या. एका खिडकीत टीसीपीडम्प लावून पोर्ट ५३ बघत बसायचं. दुसऱ्या खिडकीत तेच पान कर्लने एकदा सॉक्स५ने मागवायचं, एकदा सॉक्स५एचने. नावाचं उत्तर मशीनने आठवणीत ठेवलं असेल तर दुसरं नाव घ्या, नाहीतर पहिल्या खिडकीत काहीच हलणार नाही. सॉक्ससाठी प्रॉक्सी मी चालू ठेवली आहे, पासवर्ड फळ्यावर लिहितो.